लोहगड नव्हे, विसापूर

रेणुका ओव्हाळ हेलिकॉप्टर चालवते याचं भाजे गावाला आता नवल राहिलेलं नाही. पहिल्या वर्षी मात्र तिची आई शकुबाई मळवली स्टेशनजवळ भाजी घ्यायला गेली, तरी कोणीतरी थांबवून विचारायचं, पोरगी वर ढगात जाती तर तुमाला भ्या वाटत न्हाई का. शकुबाई सांगायची, ती ढगात जात न्हाई, ढगाच्या खालनं जाती. हे तिला रेणुकानंच सांगितलेलं होतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

वडील बाजीराव तळेगावच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलगी बारावीत असताना ते गेले. पुढचं सगळं रेणुकानं शिष्यवृत्तीवर आणि हट्टावर केलं. आता ती मुंबईच्या एका कंपनीत सहवैमानिक होती. कंपनीची हेलिकॉप्टरं मुंबईहून पुणे, नाशिक, शिर्डी अशा फेऱ्या करायची. रेणुकाची जोडी बहुतेक वेळा कॅप्टन अमृत सबनीस यांच्याबरोबर लागे. सबनीस हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. प्रत्येक उड्डाणाआधी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारायचे, जणू काल विचारलेच नव्हते. रेणुकाला याचा थोडा कंटाळा यायचा. पण एका बाबतीत त्यांनी तिला मोकळीक दिली होती. खोपोली मागे पडली की ते म्हणत, "घाट तुझा." मग खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत हेलिकॉप्टर रेणुकाच्या हातात असे.

त्यात उपकार नव्हता. त्या टापूतला प्रत्येक डोंगर तिनं खालून पाहिला होता. लोहगडावर ती शाळेच्या सहलींबरोबर गेली होती, सहली नसतानाही गेली होती. विसापूरच्या पायथ्याशी तर तिचं घरच होतं. वरून पहिल्यांदा तो मुलूख पाहिला तेव्हा तिला अनोळखी काहीच वाटलं नाही. आपल्याच घराच्या माळ्यावर चढून खाली बघावं तसं वाटलं.

गणपती होऊन गेले होते, पण पाऊस अजून गेला नव्हता. त्या दिवशी चाकणच्या एका कारखान्याचे दोन अधिकारी मागे बसले होते. त्यांना दुपारच्या बैठकीला पोचायचं होतं. लोणावळ्यापर्यंत ठीक होतं. वलवणचं धरण खाली स्वच्छ दिसलं. त्याच्या पुढे मात्र इंद्रायणीच्या खोऱ्यात ढग थेट एक्स्प्रेस वेवर येऊन बसले होते. सबनीसांनी विचारलं, मागे फिरायचं का. रेणुकानं उजवीकडे बोट दाखवलं. दक्षिणेला, पवना धरणाच्या अंगाला, आभाळ उघडं होतं. तिकडून वळसा घालून जाता येईल, ती म्हणाली. सबनीसांनी क्षणभर तिकडे पाहिलं आणि मान हलवली.

पवनेचं पाणी उजव्या हाताला आलं. डावीकडे लोहगड आणि विसापूरची रांग ढगात अर्धी बुडालेली होती. थोडं पुढे गेल्यावर समोरही पावसाचा पडदा दिसू लागला. पाठीमागून वारा जोरात रेटत होता. तेवढ्यात डावीकडच्या ढगांत एक काळा कडा उघडा पडला, आणि कडा संपतो तिथे उजेड दिसला.

रेणुकाला तो कडा ओळखीचा वाटला. लोहगडाची पूर्वेची बाजू. लोहगड संपला की खिंड लागते, खिंडीपलीकडे उतार, उताराखाली भाजे. त्या खिंडीतून ती लहानपणापासून किती वेळा इकडची तिकडे गेली होती याची मोजदाद नव्हती. "खिंडीतून पलीकडे काढते," ती म्हणाली आणि डावीकडे वळली.

हेलिकॉप्टरात एक यंत्र असतं. उपग्रहांवरून ते आपण नेमके कुठे आहोत हे ठरवतं. त्याच्या पोटात डोंगरदऱ्यांचा नकाशा साठवलेला असतो. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली जमीन किती अंतरावर आहे, हे रेडिओच्या लहरी खाली सोडून मोजलं जातं; तेही त्याला कळतं. आत्ता ज्या दिशेनं, ज्या वेगानं चाललो आहोत तसंच चालत राहिलो तर थोड्या वेळानं कुठे असू, याचा हिशेब ते सारखं करत असतं. हिशेबात डोंगर आडवा आला की पडद्यावर तेवढा भाग पिवळा होतो, आणखी जवळ गेलं की लाल होतो, आणि एक आवाज इंग्रजीत सावध करतो. हे यंत्र निघालं त्यामागे बरीच माणसं गेलेली आहेत. इंजिन उत्तम चालू आहे, वैमानिक पूर्ण शुद्धीवर आहे, कशातही बिघाड नाही, आणि तरीही विमान सरळ डोंगरावर जाऊन आदळलं, असे अपघात जगभर एकामागून एक झाले तेव्हा कोणीतरी हे बनवलं.

पण हेलिकॉप्टरवाल्यांचं आणि या यंत्राचं फारसं जमत नाही. हेलिकॉप्टर खालूनच उडतं, डोंगरांच्या अंगाखांद्यावरून जातं, त्यामुळे यंत्र उठसूट बोलत राहतं. म्हणून त्याला गप्प करायचं एक बटणही दिलेलं असतं. बरेच वैमानिक घाटात शिरताना ते सवयीनं दाबतात.

वळण घेऊन होतं न होतं तोच आवाज आला, "कॉशन, टेरेन." पडद्यावर पिवळा डाग पसरला.

"खिंड आहे, सर," रेणुका म्हणाली. "दोन्ही अंगांना डोंगर आहे, ते बोलणारच." आणि तिचा डावा हात बटणाकडे गेला.

हात पोचायच्या आत पडदा लाल झाला. "वॉर्निंग, टेरेन. वॉर्निंग, टेरेन."

"आय हॅव कंट्रोल," सबनीस म्हणाले.

एकानं हे शब्द उच्चारले की दुसऱ्यानं हात सोडायचे, हा नियम. रेणुकानं ते सोडले. सबनीसांनी वेग कमी केला, नाक उचललं, उजवीकडे झुकवून हेलिकॉप्टर सरळ ढगात चढवलं. वळता वळता डाव्या बाजूला ढग क्षणभर फाटला. ओल्या गवताचा उतार खिडकीच्या अगदी अंगावर आल्यासारखा दिसला, कड्यावरून उतरणारी पाण्याची बारीक धार दिसली, आणि त्या उतारावर काहीतरी निळं. मग सगळं पांढरं झालं. सबनीस काचेतून बाहेर पाहत नव्हते. समोरच्या घड्याळांवर नजर ठेवून ते चढत राहिले, पुण्याच्या रडारवरच्या माणसांशी एका संथ सुरात बोलले आणि पाऊण रस्ता ढगातून काढून पुण्याच्या विमानतळावर उतरले. मागच्या दोघांना काही कळलं नव्हतं. जरा धक्के बसले, असं एक जण म्हणाला.

ते दोघं मोटारीनं चाकणला गेल्यावर रेणुका बोलली. ती संतापली होती, पण आवाज खाली ठेवून बोलली. खिंड समोर दिसत होती, तिचं म्हणणं होतं. नकाशा जुना असेल, किंवा यंत्राला खिंड बारीक वाटली असेल. आणि न बघता ढगात घुसणं हे काय कमी धोक्याचं होतं? तिनं विचारलं, सरांनी तिच्यापेक्षा त्या आवाजावर विश्वास का ठेवला?

सबनीसांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "पडदा लाल झाला की मी विचार करत नाही. विचार करायला लागलो तर तू म्हणतेस तेच मलाही पटेल."

संध्याकाळी पुण्यातल्या मुक्कामी रेणुका एकटी बसली तेव्हा राग उतरला होता, पण एक गोष्ट टोचत होती. ते निळं. ताडपत्रीचा निळा रंग होता तो. पावसाळ्यात छप्पर गळू नये म्हणून मावळात घराघरावर टाकतात तसली ताडपत्री. तिनं डोळे मिटून खिंडीतली वाट पुन्हा पुन्हा आठवली. पायवाट, करवंदीच्या जाळ्या, म्हशीएवढे मोठाले दगड. खिंडीच्या त्या अंगाला घर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कचेरीत यंत्रात नोंदलेला मार्ग संगणकावर उलगडून नकाशावर ठेवला गेला. सबनीसांनीच तशी मागणी केली होती. घडलेलं त्यांनी रात्र उलटायच्या आत वरिष्ठांना कळवलं होतं. पडद्यावरची रेघ पवनेच्या काठानं आली, डावीकडे वळली, आणि विसापूरच्या दक्षिणेच्या कड्यापाशी जाऊन एकदम मागे फिरली. लोहगड आणि खिंड दोन्ही मागेच राहून गेली होती. वाऱ्यानं त्यांना रेणुकाच्या अंदाजाच्या बरंच पुढे नेलं होतं. तिला दिसलेला कडा लोहगडाचा नव्हताच. तो विसापूरचा एक सोंडेसारखा भाग होता, आणि त्याच्यापलीकडचा उजेड म्हणजे ढगातली नुसती फट. फटीच्या मागे उरलेला अख्खा विसापूर उभा होता.

रेणुकानं ती रेघ बराच वेळ पाहिली. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण वाटली ती लाज. ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती वाढली, तो तिला ओळखता आला नव्हता. तो समोर आला आणि तिनं त्याला दुसऱ्याच नावानं हाक मारली.

बाहेर पडल्यावर सबनीस तिच्याबरोबर पायऱ्यांवर उभे राहिले. "यातलं निम्मं माझं आहे," ते म्हणाले. "एरवी दर मिनिटाला मी नकाशा बघतो. घाटात तू असलीस की बघत नाही. का बघू, तू तिथलीच, असं वाटायचं. दोन माणसं असण्याचा उपयोगच मग राहत नाही."

चौकशी पुरी होईपर्यंत दोघांचंही उड्डाण बंद झालं. रेणुका घरी आली. आईला तिनं सगळं सांगितलं. शकुबाईनं ऐकून घेतलं. ती रडली नाही, देवाधर्माचं काही बोलली नाही. फक्त उठून दाराशी गेली आणि वर विसापूरकडे बघत उभी राहिली. ढग अजून कड्यावर टेकलेलेच होते. मग तिनं विचारलं, "पल्याडच्या अंगाला म्हंजी सावित्राबाईच्या वाडीकडं का?"

विसापूरच्या पलीकडे, कड्याखालच्या सपाटीवर, पाच-सहा घरांची एक ठाकरवाडी होती. शकुबाई त्या वाडीतल्या सावित्राबाईबरोबर पूर्वी भाताच्या लावणीला जायची. रेणुकानं वाडीचं नाव ऐकलं होतं, पण ती कधी तिथे गेली नव्हती. किल्ल्यावर जाणारी वाट तिकडून जात नाही.

दोन दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा ती गेली. खिंडीतून पलीकडे उतरली आणि कड्याला डावीकडे ठेवून आडव्या वाटेनं चालत राहिली. वाट निसरडी होती. वाडी दिसायच्या आधी तिला निळी ताडपत्री दिसली. ती शेवटच्या घराच्या छपरावर होती, दगडांनी दाबलेली. घराच्या मागे चार ढांगांवर उतार संपत होता आणि कडा सरळ वर गेला होता. रेणुका थांबली. तिनं वर पाहिलं, मग धरणाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी हवेत आपण कुठे असू याचा अंदाज घ्यायला गेली. मग तिच्या लक्षात आलं की तेव्हाही हा अंदाजच नको होता. तिनं मान खाली घातली आणि अंगणात गेली.

सावित्राबाई ओट्यावर नाचणीची कणसं पसरत होती. शकुबाईची मुलगी म्हटल्यावर तिनं बसायला पोतं टाकलं. तिची सून संगीता आत बाळाला पाजत होती. मुलगा दत्ता कामशेतला बांधकामावर गेलेला. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर रेणुकानं विचारलं, तीन-चार दिवसांपूर्वी इथून हेलिकॉप्टर गेलं होतं का.

सावित्राबाईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. तिनं सांगितलं ते असं: त्या दुपारी धुकं इतकं दाट होतं की अंगणातली गाय दिसत नव्हती. आधी वाटलं दरड येतेय. मग आवाज वरून यायला लागला, पत्रे थडथडले, ताडपत्री उपटून जाते की काय असं झालं. संगीता बाळाला घेऊन बाहेर पळाली, पण कुठल्या बाजूला पळावं तेच कळेना, कारण आवाज सगळीकडूनच येत होता. ती अंगणाच्या मधोमध बाळावर वाकून बसली. आणि सावित्राबाईला धुक्यात त्याचं पोट दिसलं. फक्त पोट, काळं. मग ते गेलं.

"त्याला कुनी सांगितलं नसंल का," ती म्हणाली, "की हितं मानसं ऱ्हात्यात?"

रेणुकाला उत्तर टाळता आलं असतं. शकुबाईची मुलगी एवढीच तिची इथे ओळख होती. ती म्हणाली, "मावशी, ते मी चालवत होते."

संगीता आतून दारात आली. रेणुकानं मग आपल्याला जमेल तसं सांगितलं, की डोंगर कसा चुकला, यंत्र कसं बोललं, आणि शेजारच्या माणसानं कसं वळवलं. शेजारच्या माणसाबद्दल ती दोनदा बोलली.

"घाबरली हुतीस का तू?" सावित्राबाईनं विचारलं.

"नाही," रेणुका म्हणाली. "अजिबात नाही. मला पक्कं वाटत होतं."

सावित्राबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर माया आली नव्हती, आणि यायचं काही कारणही नव्हतं. "आमी लय भ्यालो," ती म्हणाली. "पोर अजून भांडं पडलं तरी दचकतंय. परत हिकडनं येऊ नको."

रेणुकानं नाही येणार म्हणून सांगितलं. हे तिनं आईला द्यावं तशा आश्वासनासारखं सांगितलं नाही. नियम मान्य केल्यासारखं सांगितलं.

संगीताला मात्र दुसरंच काही विचारायचं होतं. ते बोलणारं यंत्र, त्यात आमचं घर दिसतं का? रेणुका म्हणाली, त्यात डोंगर असतो, उंच मनोरे असतात, विजेचे मोठे खांब असतात. घरं नसतात. हे सांगताना तिला जाणवलं की इतकी वर्षं ती तो शब्द ऐकत होती, टेरेन, म्हणजे जमीन, आणि तिच्या डोळ्यांपुढे दगड आणि माती यायची. त्या शब्दाच्या पोटात चूल असेल, बाळंतीण असेल, हे तिला, याच मातीत वाढलेल्या मुलीला, कधी सुचलं नव्हतं.

संगीतानं थोडा विचार केला. "डोंगर हाय ना त्यात," ती म्हणाली, "मग झालं. डोंगराला चुकवलं म्हंजी आमालाबी चुकवलंच की."

निघताना सावित्राबाईनं कोरा चहा दिला. आईसाठी म्हणून वाळकाची एक फोड फडक्यात बांधून दिली. वाडीच्या टोकापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

चौकशीचा निकाल साधा लागला. सबनीसांना ताकीद मिळाली. रेणुकाला वर्षअखेरीस कॅप्टन व्हायचं होतं, ते पुढे ढकललं गेलं आणि तिला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं गेलं. तिथे बंद खोलीतल्या खोट्या कॉकपिटमध्ये, पडद्यावरच्या खोट्या डोंगरांत, तिला तोच प्रसंग तऱ्हेतऱ्हेनं दिला जायचा. स्वच्छ ऊन, समोर मोकळी दरी, आणि तरी आवाज येई. आधी चढायचं, मग शोधायचं की तो का बोलला. सुरुवातीला तिच्या हातांना याचा राग यायचा. डोळ्यांना दरी दिसत असताना हातांनी ऐकायचं कुणाचं? हळूहळू तो राग ओसरला. आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला असं काही झालं नाही. त्या विश्वासानं कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, एवढं तिला कळायला लागलं. कंपनीनं घाटासाठी नवा नियम केला. ढग खाली असतील तर घाट खालून ओलांडायचा नाही. वरून, ठरलेल्या उंचीवरून जायचं, नाहीतर जायचंच नाही.

ऑक्टोबरात ती परत कामावर आली तेव्हा पाऊस रेंगाळलेलाच होता. एके सकाळी मुंबईच्या तळावर दोन डॉक्टर पुण्याला जायला तयार होऊन बसले होते. पुण्यात त्यांचं एक व्याख्यान होतं. लोणावळ्याहून येणारी हवेची खबर वाईट होती, वरच्या उंचीवरही गडगडाटी ढग होते. निर्णय कॅप्टनचा, पण सबनीसांनी आधी तिचं मत विचारलं. नको जाऊया, रेणुका म्हणाली. तिनं स्वतः जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यातल्या वयस्कर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, अगदीच जमणार नाही का. रेणुका म्हणाली, "जमेलही कदाचित. पण जाणार नाही." बाई नाराज झाल्या. ते दोघं टॅक्सीनं निघून गेले.

अर्ध्या तासात घाटातले ढग उठले. खबर आली की लोणावळा स्वच्छ आहे, कामशेतपर्यंत ऊन पडलं आहे. दुसऱ्या एका कंपनीचं हेलिकॉप्टर आरामात पुण्याला जाऊन उतरलंही.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना सबनीस म्हणाले, "जाता आलं असतं आपल्याला."

"हो," रेणुका म्हणाली. "आलं असतं."

तिला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला वाईट वाटेल. चुकलो तर लोकांना कळतं. न जाण्यात बरोबर होतो की उगाच घाबरलो, हे मात्र कधीच कुणाला कळणार नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही. तिनं त्या विचारापाशी थोडा वेळ थांबून पाहिलं. तो काही फार जड नव्हता. मग तिनं सबनीसांना विचारलं की दुपारच्या नाशिकच्या फेरीसाठी तिकडची हवा कशी आहे, आणि खबर आणायला उठून गेली.